क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी : गोठवण्याआधी विचारायचे प्रश्न

क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी म्हणजे गोठवलेला नमुना इलेक्ट्रॉनच्या झोताने पाहण्याची पद्धत. तिच्याविषयी नाशिक परिसरातील महाविद्यालये, औषधनिर्मिती कंपन्या आणि द्राक्षपट्टा येथून येणाऱ्या पत्रांत एकच गैरसमज पुन्हा पुन्हा आढळतो. नमुना कडक गोठला, म्हणजे तो मायक्रोस्कोपसाठी तयार झाला, असे धरून चालले जाते. प्रत्यक्षात पाण्याला स्फटिक होण्याची संधीच न देता त्याचा काचेसारखा बर्फ करावा लागतो, आणि तो अखेरपर्यंत तसाच राखावा लागतो. त्यासाठी नमुना ग्रिडवर, म्हणजे धातूच्या बारीक जाळीच्या चकतीवर, पातळ पसरून ती अतिथंड द्रव इथेनमध्ये झटकन बुडवतात. पुढील उत्तरे त्या अनुषंगाने वाचावीत.

इथेन सहज मिळत नाही. ग्रिड थेट द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली तर चालेल का? (संशोधक विद्यार्थिनी, गंगापूर रोड)

चालणार नाही. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांना, म्हणजे उत्कलनबिंदूवरच असतो. त्यामुळे ग्रिडभोवती वायूचा थर धरतो, उष्णता हळू निघते आणि पाण्याचे स्फटिक होतात. इथेन ज्वलनशील असल्याने ते प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखालीच हाताळावे.

प्रथिनाच्या ग्रिड गोठवून उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवल्या आहेत. मायक्रोस्कोपची वेळ दोन महिन्यांनी मिळाली आहे. ‘उणे ८० म्हणजे सुरक्षित’ असे पुरवठादाराने सांगितले. (सहायक प्राध्यापक, पंचवटी)

पुरवठादाराने चुकीचे सांगितले, आणि या ग्रिड वाया गेल्या असे समजून पुढील नियोजन करावे, हे स्पष्ट लिहिणे भाग आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला झाक द्युबोशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायडेलबर्ग येथे पाण्याचा अतिशय पातळ थर स्फटिक न होऊ देता गोठवून दाखवला, आणि या क्षेत्रातील कामासाठी २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना योआखिम फ्रँक व रिचर्ड हेंडरसन यांच्यासह मिळाले. त्या शोधाचाच दुसरा भाग मात्र फ्रीझर विकणारे कधी सांगत नाहीत : असा बर्फ साधारण उणे १३५ अंशांच्या वर गेला की त्याचे स्फटिकात रूपांतर होऊ लागते, आणि नंतर तो कितीही थंड केला तरी पूर्वस्थितीत येत नाही. उणे ८० अंश हे तापमान त्या मर्यादेपेक्षा ५० अंशांहून अधिक उबदार आहे. फ्रीझरमधली ग्रिड नुसत्या डोळ्यांना पूर्वीसारखीच दिसते, म्हणून हा समज टिकून आहे. मायक्रोस्कोपखाली स्फटिकांची खूण असलेले विवर्तनाचे ठिपके दिसतात तेव्हा मिळालेली वेळ निघून गेलेली असते.

गोठवल्या क्षणापासून मायक्रोस्कोपच्या स्तंभात जाईपर्यंत ग्रिड नायट्रोजनखालीच राहिली पाहिजे. चिमट्याची टोके आधी थंड करून घ्यावीत, ग्रिडची डबी उघड्या हवेत क्षणभरही रेंगाळू देऊ नये आणि साठवणीच्या ड्युअरमधील (उष्णतारोधक भांड्यातील) नायट्रोजनची पातळी मोजून नोंदवहीत लिहावी. आपल्या जिल्ह्यात कृत्रिम रेतनाच्या रेतमात्रा नायट्रोजनच्या कंटेनरमध्ये सांभाळणारे पशुवैद्यकीय कर्मचारी ही पातळी पट्टीने पाहण्याची शिस्त पाळतात. ती विद्यापीठीय प्रयोगशाळांना पाळता येऊ नये, असे काही कारण नाही.

तुमचे उरलेले प्रथिन द्रावणरूपात उणे ८० अंशांना ठेवलेले असेल, तर तो वेगळा विषय आहे. ते टिकले आहे का, हे आधी साध्या निगेटिव्ह स्टेनने (न गोठवता, जड धातूच्या क्षाराने रंगवून मायक्रोस्कोपखाली पाहण्याच्या पद्धतीने) तपासावे, आणि जिथे वेळ मिळाली आहे तेथील तज्ज्ञांना ग्रिड नव्याने गोठवण्याआधी, म्हणजे याच आठवड्यात, विचारावे. बंगळुरूच्या राष्ट्रीय सुविधेसारख्या ठिकाणी ग्रिडचा प्रकार आणि ती क्लिप करायची (आधाराच्या कड्यात बसवायची) की नाही, हे आधी ठरवावे लागते.

द्राक्षाचे डाऊनी (केवडा) रोग लागलेले पान नायट्रोजनमध्ये टाकून पाठवले, तर पेशीच्या आतली बुरशी पाहता येईल का? (बागायतदार, पिंपळगाव बसवंत)

रचना पाहण्यासाठी नाही. इथेनमध्ये बुडवण्याची पद्धत काही मायक्रोमीटर जाडीपर्यंतच चालते. पानासाठी सुमारे २१०० बार दाबाखाली गोठवावे लागते, त्यानेही साधारण २०० मायक्रोमीटरपर्यंतच मजल जाते, आणि पानातील हवेच्या पोकळ्या हेक्झाडेसीनसारख्या द्रवाने आधी भराव्या लागतात. नायट्रोजनमध्ये टाकलेले पान डीएनए काढण्यासाठी मात्र उपयोगी पडते. शिवाय डाऊनीचे निदान साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही होते, त्यामुळे फवारणीचा निर्णय या तपासणीसाठी लांबवू नये. जवळच्या वनस्पती रोगशास्त्रज्ञांना ताजे पान दाखवावे.

स्फटिक टाळण्यासाठी बफरमध्ये (प्रथिन ज्यात ठेवतात त्या, आम्लता स्थिर राखणाऱ्या द्रावणात) २० टक्के ग्लिसरॉल घातले आहे. एका कंपनीचा ‘क्रायो-रेडी’ बफरही सुचवला गेला. कोणता घ्यावा? (संशोधन विभाग, सातपूर)

दोन्ही नकोत. ग्लिसरॉल पेशी जपून ठेवताना उपयोगी असते, त्यावरून ते येथेही लागते असा ऐकीव निष्कर्ष निघाला आहे. येथे थर इतका पातळ असतो की वेगाने थंड होणे पुरेसे ठरते. उलट ग्लिसरॉलमुळे प्रथिन आणि भोवतालचा बर्फ यांतला कॉन्ट्रास्ट घटतो. ते डायलिसिसने किंवा कॉलमवर काढावे, आणि आपले प्रथिन त्याशिवाय स्थिर राहते का हे जैवरसायनतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे. जो बफर आपले घटक सांगत नाही, तो कोणत्याही किमतीला घेऊ नये.

पावसाळ्यात ग्रिडवर गडद गोळे दिसतात. (पीएच.डी. विद्यार्थी, सिन्नर)

ते हवेतील बाष्पाचे बर्फकण आहेत. नायट्रोजन ताजा घ्यावा, भांडे झाकलेले ठेवावे, अवजारे पूर्ण वाळवून वापरावीत, मास्क लावावा आणि खोलीत डिह्युमिडिफायर चालवावा. तरीही गोळे राहिले, तर ग्रिड हलवण्याची प्रत्येक पायरी अनुभवी व्यक्तीसमोर करून दाखवावी.

ग्रिड नाशिकहून पुण्याला मोटारीने थर्मासमध्ये नेता येतील का? (तोच विद्यार्थी)

नाही. ड्राय शिपर, म्हणजे नायट्रोजन शोषून धरणारे व तो सांडू न देणारे वाहतुकीचे भांडे, वापरावा. एक लिटर द्रव नायट्रोजनचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. घट्ट झाकणाचे भांडे फुटू शकते आणि बंद मोटारीत प्राणवायू कमी पडून माणूस पूर्वसूचनेशिवाय बेशुद्ध होऊ शकतो. शिपर कसा भरायचा आणि कोणत्या वाहनातून न्यायचा, हे संस्थेच्या सुरक्षा अधिकाऱ्यांकडून लेखी घेतल्याशिवाय निघू नये.