‘एवढे मार्क वाया कसे घालवू?’

प्रिय ताई,

मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहते. यंदा बारावी सायन्सची परीक्षा आणि पीसीएम गटाची सीईटी दिली आहे. दहावीला मला 94 टक्के होते, त्यामुळे मी कॉम्प्युटर इंजिनिअर होणार असे घरात सगळ्यांनी धरूनच चालले आहे; पप्पांनी पाहुण्यांतही सांगून टाकले आहे. पण बोर्डाच्या फिजिक्सच्या पेपरला वेळ पुरला नाही. चार मार्कांचा एक आणि तीन मार्कांचे दोन प्रश्न सुटले. तेव्हापासून रोज रात्री उठून वहीच्या मागच्या पानावर मार्क मोजते. बेरीज कधी 470 येते, कधी 505. मला खरे तर संख्याशास्त्र आवडते. आजोबांनी पर्जन्यमापकावर पाहून बावीस वर्षे पावसाच्या नोंदी लिहून ठेवल्या आहेत, त्यांचे तक्ते आणि आलेख मी दोन वर्षांपासून काढते आहे. मार्क कमी पडले तर बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्सला जायचे, असे मी मनाशी ठरवले आहे. पण चांगले पडले तर? एवढे मार्क वाया कसे घालवू? पप्पा म्हणतात, मुलींना इंजिनिअरिंगची फी माफ आहे, मग सोडायचे कशाला?

– अस्वस्थ

प्रिय मुली,

तुझे पत्र वाचताना मी ‘पण चांगले पडले तर?’ या वाक्यापाशी थांबले. मार्क कमी पडण्याची भीती वाटते म्हणून तू पत्र लिहिलेस. पण कमी पडले तर काय करायचे हे तू केव्हाच ठरवून ठेवले आहेस, आणि जे ठरवले आहेस ते तुझ्या मनापासून आवडीचे आहे. तुझी झोप मोडते ती मार्क चांगले पडतील या शक्यतेने, कारण मग संख्याशास्त्र घेण्यासाठी लोकांना सांगायला तुझ्याकडे सबब उरणार नाही. हे तू स्वतःशी अजून कबूल केलेले दिसत नाही, म्हणून मी ते आधी लिहिते.

आता त्या मागच्या पानावरच्या बेरजेविषयी. कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवण्यात माझी सव्वीस वर्षे गेली, आणि अशी बेरीज मी पुष्कळ वह्यांच्या मागच्या पानांवर पाहिली आहे. फिजिक्सचा लेखी पेपर 70 मार्कांचा आणि प्रात्यक्षिक 30 मार्कांचे असते. तुझे दहा मार्क सुटले. एकूण 600 पैकी दहा म्हणजे दोन टक्केसुद्धा नव्हेत. तुझ्या दोन बेरजांमध्ये मात्र 35 मार्कांचा फरक आहे, आणि दोन्ही वेळा पेपर तेच आहेत. हा फरक रात्रीच्या भीतीने पाडलेला आहे. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांच्या हाती गेल्या आहेत आणि तुझ्या मोजण्याने त्यांतला अर्धा मार्कही इकडचा तिकडे होणार नाही. आजची तारीख घालून एकदा शेवटची बेरीज लिही, तिच्याखाली रेघ मार आणि ते पान पुन्हा उघडू नकोस.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की कोणते मार्क कुठे उपयोगी पडतात याचा तुझा हिशेब उलटा झाला आहे. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स या विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला 45 टक्के आणि राखीव प्रवर्गाला 40 टक्के एवढी पात्रता लागते. ती एकदा ओलांडली की राज्याच्या जागांची गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवरून लागते. बी.एस्सी.चे प्रवेश मात्र बहुतेक महाविद्यालयांत बारावीच्याच मार्कांवर होतात, आणि काही स्वायत्त महाविद्यालये स्वतःची प्रवेश परीक्षा घेतात, जिच्या तारखा वेगळ्याने पाहाव्या लागतात. याचा अर्थ असा, की फिजिक्समध्ये सुटलेले ते दहा मार्क कॉम्प्युटरच्या वाटेत जवळजवळ कुठेच आडवे येत नाहीत. आडवे आलेच तर ते बी.एस्सी.च्या चांगल्या महाविद्यालयाच्या वाटेत येतील. ‘मार्क कमी पडले तर बी.एस्सी.’ हे तू मनाशी धरलेले सूत्र त्यामुळे टिकत नाही. संख्याशास्त्र चांगल्या ठिकाणी शिकायचे असेल तर बारावीचे चांगले मार्क तुला लागणारच आहेत.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे तुला सांगायला नको. पण पप्पांना ते निकालाआधीच समजावून सांग. 90 पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्या दर शंभरांतील नव्वद जणांचे गुण तुझ्याइतके किंवा तुझ्याहून कमी आहेत. सीईटीच्या 200 पैकी प्रत्यक्ष किती गुण मिळाले, हा अगदी निराळा आकडा असतो. हे घरात आधी माहीत नसले की निकालाच्या दिवशी विनाकारण रडारड होते किंवा विनाकारण पेढे वाटले जातात.

मार्क ‘वाया’ जाण्याविषयी मला जरा सविस्तर लिहू दे, कारण हा शब्द मी आयुष्यभर ऐकत आले आहे आणि त्याने झालेले नुकसानही पाहिले आहे. आपण असे बोलतो, की जणू मार्क म्हणजे बाजारात न्यायचे पैसे आहेत आणि त्यांत बसणारी सर्वांत महाग वस्तू घेतल्याशिवाय घरी परतणे हा मूर्खपणा आहे. त्या वस्तूची किंमत आपण कट-ऑफवरून ठरवतो. पण कट-ऑफ म्हणजे काय? गेल्या वर्षी त्या जागेवर सर्वांत शेवटी ज्याला प्रवेश मिळाला, त्याचे गुण. जागा किती होत्या आणि मागणारे किती होते, एवढेच त्या आकड्यावरून कळते. त्या वर्गात चार वर्षे रोज सकाळी जाऊन बसताना तुला काय वाटेल, हे त्या आकड्यात कुठेही लिहिलेले नसते.

निकालानंतर मुले माझ्याकडे कट-ऑफच्या याद्या घेऊन येत. सायबर कॅफेत छापून घेतलेल्या, पिवळ्या हायलायटरने रंगवलेल्या. एका मुलाने पसंतीक्रमाच्या कच्च्या कागदावर पेन्सिलने पहिल्या ओळीत सिव्हिल लिहून आणले होते. त्याचे वडील गवंडीकाम करत, आणि स्लॅब टाकण्याच्या दिवसाचे वर्णन तो मुलगा असे करी की ऐकत राहावे. त्याचे पर्सेंटाइल अपेक्षेपेक्षा बरेच चांगले आले होते. माझ्यासमोर बसून त्याने सिव्हिल खोडले आणि तिथे कॉम्प्युटर लिहिले, आणि ‘मॅडम, एवढ्या मार्कांना सिव्हिल कोण घेतं?’ असे म्हणाला. मी काही बोलले नाही. खोडरबराचा चुरा मी हाताने टेबलावरून झटकला, तो अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्या दिवशी बोलायला हवे होते, असे मला वाटत राहते, म्हणून आज तुझ्याशी इतके बोलते आहे.

आता संख्याशास्त्राविषयी. केवळ आवड आहे एवढ्यावर मी तुला तिकडे जा म्हणणार नाही. पावसाच्या नोंदींचे आलेख काढणे सुंदर आहे, पण बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमात संभाव्यता, वितरणे, कलनशास्त्र आणि रेषीय बीजगणित भरपूर असते आणि सिद्धता द्याव्या लागतात. बारावीच्या मॅथ्सच्या दुसऱ्या भागात शेवटी बायनॉमियल डिस्ट्रिब्यूशन होते, ते आठव. ते सूत्र तू पाठ करून आकडे घातलेस आणि पुढे गेलीस, की ते सूत्र आले कुठून हे थांबून पाहावेसे तुला वाटले? दुसरे वाटले असेल तर मला तुझी फारशी काळजी नाही.

खात्री करून घ्यायला सात दिवस पुरे आहेत. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्सच्या पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घे, जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून किंवा ओळखीच्या एखाद्या विद्यार्थिनीकडून संभाव्यतेचे प्राथमिक पुस्तक मिळव आणि रोज एक तास त्यातली गणिते सोडव. त्याच्या जोडीला आजोबांची वही घे. ज्या वर्षी जूनमध्ये पाऊस कमी झाला त्या वर्षी सप्टेंबरमध्ये तो जास्त झाला का, हे पाहा. आणि मग स्वतःला विचार, की बावीस वर्षांच्या नोंदींवरून असे ठामपणे म्हणता येईल का, की बावीस हा आकडा त्यासाठी फारच लहान आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी हा प्रश्न पिच्छा सोडत नसेल, तर तुझे उत्तर तुला मिळाले. आणि कंटाळा आला, तर तेही उत्तरच आहे. मग कॉम्प्युटरकडे मोकळ्या मनाने जा.

तुला एक नाव सांगते. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म 1911 मध्ये तुझ्याच जिल्ह्यातील बुध या गावी झाला. फर्ग्युसन महाविद्यालयातून 1932 मध्ये पदवी घेऊन ते संख्याशास्त्रासाठी लंडनला गेले, आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे संचालक म्हणून त्यांनी रोममध्ये वीस वर्षे काम केले. शेतातले काही तुकडे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, निवडायचे, तेवढ्यांतलेच पीक कापून वजन करायचे आणि त्यावरून सबंध जिल्ह्याच्या उत्पन्नाचा अंदाज बांधायचा, ही पद्धत आपल्या देशात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. हे आजोबांना वाचून दाखव. पाऊस मोजणाऱ्या माणसाला ते पटकन कळेल.

पोटापाण्याचेही स्पष्ट लिहिते. बी.एस्सी.ची तीन वर्षांची पदवी घेऊन थांबलेल्या मुलीला मनासारखी नोकरी सहजासहजी मिळत नाही. एम.एस्सी.पर्यंत जायचेच, असे धरून चाल, आणि आर व पायथन या दोन्ही संगणकभाषा पहिल्या वर्षापासून हाताखालून जाऊ देत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आणि पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात संख्याशास्त्राचे पदव्युत्तर विभाग आहेत. जॅम या परीक्षेत गणिती संख्याशास्त्राचा स्वतंत्र पेपर असतो आणि तो देऊन आयआयटीत एम.एस्सी. करता येते. केंद्र लोकसेवा आयोग भारतीय सांख्यिकी सेवेसाठी परीक्षा घेतो, तिला संख्याशास्त्र घेऊन मिळवलेली पदवी चालते. शिवाय पदवीनंतर संगणकाकडेच वळावेसे वाटले तर एम.सी.ए.चा मार्ग बंद होत नाही.

प्रवेशाच्या फेऱ्यांबाबत एक सावधगिरी बाळग. महाविद्यालयांच्या बी.एस्सी.च्या याद्या बारावीच्या निकालानंतर लवकर लागतात, तर अभियांत्रिकीची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया बरीच लांबत जाते. ‘आधी तिकडे काय मिळते ते पाहू’ म्हणून थांबलीस, तर चांगल्या महाविद्यालयातली संख्याशास्त्राची जागा हातची जाईल. अभियांत्रिकीचा पर्याय अर्ज भरायचा असेल तर अवश्य भर, पण जिथे तू खरोखर आनंदाने जाशील तेवढ्याच शाखा त्यात लिही. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर दुसरे काही मागता येत नाही, म्हणून पाहुण्यांना सांगण्यासाठी पहिल्या ओळीत काहीही लिहू नकोस. बाकीचे नियम यंदाच्या माहितीपुस्तिकेतून स्वतः वाच. आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स ही शाखा तुला मधली वाट वाटेल, पण तिचा आणि बी.एस्सी.चा अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवून त्यात संख्याशास्त्र किती आहे ते मोज. हा सगळा पसंतीक्रम निकाल लागण्यापूर्वीच पेनने लिही आणि तो कागद आजोबांकडे ठेवायला दे.

पप्पांचे म्हणणे चुकीचे नाही. 2024-25 पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास या प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, आणि शेकडो घरांना त्याचा खरा आधार झाला आहे. पण वसतिगृह आणि मेस त्यात येत नाही, आणि ज्या विषयात मन नाही त्यात विषय राहत गेले तर चारची पाच वर्षे होतात. पप्पांशी बोलताना ‘मला आवडत नाही’ असे म्हणून सुरुवात करू नकोस. मुलगी आपल्या पायावर उभी राहील का, ही त्यांची काळजी आहे, तिला उत्तर दे. पाच वर्षांचा आराखडा, त्यातला प्रत्येक वर्षाचा खर्च आणि शेवटी कोणत्या परीक्षा देणार हे एका पानावर लिहून त्यांच्यापुढे ठेव, आणि त्याशेजारी तुझे आलेख ठेव. त्यांनी ते कधी नीट पाहिले आहेत का, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. पाहुण्यांना सांगून बसल्याचा संकोच त्यांनाही वाटेल. त्यासाठी त्यांना थोडे दिवस दे, आणि आजोबा सोबत असतील असे पाहा.

निकाल खरोखरच अनपेक्षित लागला, तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागव. ती मिळाल्यावरच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो आणि दोन्हींना मुदत असते. जी शाखा तुला मनातून नकोच आहे, तिच्यासाठी एक वर्ष गॅप घेऊन पुन्हा सीईटी देऊ नकोस.

आणि रात्री उठण्याचे आज आईला सांग. ती शेजारी झोपेल, एवढ्यानेही फरक पडतो. तरी झोप लागेनाशी झाली, छातीत धडधडू लागले, तर 14416 या टेलि-मानस क्रमांकावर फोन कर. ती सरकारची विनामूल्य सेवा आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. निकाल लागला की मार्क काहीही असोत, मला कळव. आणि त्या सात दिवसांत सोडवलेली गणितेही पाठव, चुकलेली असतील तीसुद्धा. मला ती पाहायची आहेत.

– तुझी ताई