उंदेरी बेटावर कधी माणसं राहायची का? मुंबईहून एका दिवसात जाऊन येता येतं का?

राहायची. पण ती शिबंदी होती, म्हणजे किल्ल्यावरची पगारी फौज, गाव नव्हे. हा फरक मी पंधरा वर्षं माझ्या भावोजींना समजावतोय, म्हणून तुमचा प्रश्न बघून राहवलं नाही.

मी परळचा. बहीण अलिबागजवळ थळला दिलीय. तिथल्या किनाऱ्यावरून समोर उंदेरी, तिच्यामागे खांदेरी आणि तिच्यावरचं १८६७ चं दीपगृह. पहिल्यांदा गेलो तेव्हा भावोजी होडीतच सुरू झाले, "दोन्ही महाराजांचे. जुळे किल्ले!"

जुळे कसले? महाराजांनी १६७९ मध्ये बांधायला घेतली ती खांदेरी. मुंबईच्या तोंडाशी किल्ला उठतोय म्हटल्यावर इंग्रजांनी गलबतं धाडली. महाराजांचा आरमारी सरदार मायनाक भंडारी हटला नाही. मग १६८० च्या सुरुवातीला जंजिऱ्याच्या सिद्दी कासमाने शेजारच्या या खडकावर तोफा चढवल्या, खांदेरीवर रोखायला. त्याच वर्षी संभाजी महाराजांच्या माणसांनी उंदेरीवर हल्ला केला, तो फसला. मराठ्यांकडे ती आली थेट १७५९-६० च्या सुमारास. एवढं बोललं की भावोजींचा चेहरा असा होतो, जणू मी महाराजांविरुद्ध बोललो. अहो, शत्रूला समोर दुसरा किल्ला बांधावा लागला, यात कमीपणा कुणाचा?

उतरायला धड धक्का नाही. खडकावर उडी मारली आणि कालवांनी तळपाय फाडला. मी रुमाल बांधत बसलोय आणि हे वर उभे राहून म्हणतात, "प्यायला पाणी नाही, इथे माणूस राहील कसा?" लंगडत वर नेलं आणि आतली टाकी दाखवली. पावसाचं पाणी साठवायची, दुसरं काय? तेव्हा गप्प बसले. घरी जेवताना मात्र बहिणीला सांगितलं, "टाकी मीच दाखवली याला."

ओसाड का पडली म्हणाल तर कारण साधं आहे. १८४० मध्ये इंग्रजांनी मराठ्यांच्या आरमारी सरदारांचं, आंग्र्यांचं संस्थान खालसा केलं. दोन्ही बेटं इंग्रजांकडे गेल्यावर तोफ रोखायची कुणावर? शेती नाही, पाणी मोजकं. शिबंदीचा पगार थांबला की माणूस तिथे थांबत नाही.

एका दिवसात होतं. सकाळची मांडव्याची लाँच, पुढे रिक्षाने थळ, तिथून होडी. हां, पण नाखव्याला आदल्या दिवशी विचारा. उधाण असेल तर होडी टेकत नाही. पावसाळ्यात विषयच सोडा. आणि बूट घाला, चप्पल नको.

२०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत खांदेरी आली, त्या रात्री भावोजींचा फोन. "बघ, आपली खांदेरी-उंदेरी जगात गेली!" यादीत फक्त खांदेरी आहे, भावोजी. परत वाचा.