लारावेल ११ ची नवी फोल्डर-रचना: जुना प्रकल्प तसा करून घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. प्रकल्प लारावेल (पीएचपी भाषेतलं वेब फ्रेमवर्क) ५.४ वर सुरू झाला, टप्प्याटप्प्याने १० पर्यंत आला, आता ११ वर न्यायचा आहे. ११ चा कोरा प्रकल्प उघडून पाहिला तर त्यात एचटीटीपी कर्नल (वेब विनंत्या हाताळणारा) नाही, कन्सोल कर्नल (कमांड आणि वेळापत्रक सांभाळणारा) नाही, एक्सेप्शन हँडलर (एरर हाताळणारा) नाही, मिडलवेअरच्या (विनंती ज्यांतून गाळून पुढे जाते त्या क्लासच्या) नऊ फाइली नाहीत आणि पाच प्रोव्हायडरच्या (सुरुवातीची जोडणी करणाऱ्या क्लासच्या) जागी एकच उरलाय. तुमची मॉडेल्स (डेटाबेसच्या टेबलांचे क्लास) अजून थेट अ‍ॅप फोल्डरातच आहेत. प्रकल्पात शेड्यूलर (ठरलेल्या वेळी कामं चालवणारा) आणि पेमेंट गेटवेकडून येणारे कॉलबॅकही आहेत. मग अपग्रेड करता करता सगळंच नव्या पद्धतीने लावून घ्यावं का, आणि जमल्यास विषयवार फोल्डरही करावेत का?

माझं स्पष्ट मत: आवृत्ती वाढवा, रचनेला आत्ता हात लावू नका. लारावेलच्या अधिकृत अपग्रेड गाइडमध्येही हेच लिहिलंय. १० ची रचना ११ वर नीट चालावी याची काळजी त्यांनी मुद्दाम घेतली आहे आणि जुन्या प्रकल्पांनी रचना बदलू नये अशीच त्यांची शिफारस आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या १२ मध्येही जुनी रचना चालते. म्हणजे घाई करण्यासारखं काहीच नाही. आवृत्तीचं काम स्वतःच पुरेसं आहे. पीएचपी ८.२ लागतं. मायग्रेशनमध्ये (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या फाइलीत) एखादा कॉलम बदलताना नलेबल, डीफॉल्ट वगैरे सगळं पुन्हा लिहावं लागतं, नाहीतर ते गळून पडतं. त्यात फाइलींची हलवाहलव मिसळली, की काही बिघडल्यावर ते आवृत्तीमुळे बिघडलं की रचनेमुळे, हेच कळेनासं होतं.

पण "हात लावू नका" एवढ्यावर सोडलं तर तुमच्या टीममध्ये हा वाद सहा महिन्यांनी पुन्हा निघेल. म्हणून कुठला बदल स्वस्त आणि कुठला महाग, हे सविस्तर सांगतो.

लारावेल ४ मध्ये कॉन्फिग, व्ह्यूज, मायग्रेशन, स्टोरेज सगळं अ‍ॅप फोल्डरातच असायचं. नवा क्लास लिहिला की बहुतेक वेळा कंपोझरला (पीएचपीचं पॅकेज सांभाळणारं साधन) ऑटोलोडची, म्हणजे कुठला क्लास कुठे आहे याची, यादी पुन्हा बनवायला सांगावं लागे. फेब्रुवारी २०१५ मध्ये ५.० आलं, पीएसआर-४ (नावावरून क्लासची फाइल शोधण्याचा नियम) आलं, अ‍ॅपमध्ये फक्त नेमस्पेस असलेले क्लास राहिले आणि बाकीचं प्रकल्पाच्या मूळ फोल्डरात गेलं. ५.३ मध्ये राउट्सना (कुठल्या पत्त्यावर कुठला कोड चालेल त्या याद्यांना) स्वतंत्र फोल्डर मिळालं. ५.७ मध्ये रिसोर्सेसच्या आतलं अ‍ॅसेट्स फोल्डर गेलं. सप्टेंबर २०२० मध्ये ८ सोबत मॉडेल्स फोल्डर परत आलं. ९ मध्ये भाषांच्या फाइली रिसोर्सेसमधून मुळाशी आल्या. आणि मार्च २०२४ मध्ये ११ ने सांगाडाच सडपातळ केला. फक्त लारावेलच असं करतं असं नाही. सिम्फनी ४ ने अ‍ॅपबंडल काढून टाकलं आणि वेब फोल्डरचं नाव पब्लिक केलं, कोडइग्नायटर ४ नेही अ‍ॅप्लिकेशनचं अ‍ॅप केलं आणि पब्लिक फोल्डर वेगळं काढलं.

या बदलांमध्ये मला तीन जाती दिसतात. काहींत फक्त फाइलीची जागा बदलते, क्लासचं नाव तेच राहतं. राउट्स, भाषा, सीएसएस-जेएस हे सगळे यातले. चुकलं तर लगेच एरर येते, दुरुस्तीला दहा मिनिटं पुरतात. दुसऱ्या जातीत क्लासचं पूर्ण नाव बदलतं, मॉडेल्सचं स्थलांतर हे त्याचं उदाहरण. तिसऱ्या जातीत फाइल तिथेच असते, नावही तेच असतं, पण तिला कोणी हाक मारेनासं होतं. ११ मधला बदल या तिसऱ्या जातीचा आहे आणि तो सगळ्यात धोकादायक आहे, कारण त्यात एरर येतच नाही.

नीट पाहा. बूटस्ट्रॅप फोल्डरातली अ‍ॅप फाइल जुन्या प्रकल्पात अ‍ॅप्लिकेशनचा ऑब्जेक्ट बनवते आणि तुमचे दोन कर्नल आणि हँडलर त्याला बांधून देते. नव्या पद्धतीत ही फाइल 'कॉन्फिगर' मेथडने सुरू होते आणि फ्रेमवर्कचे स्वतःचे कर्नल बांधते. आता कोणी नव्या प्रकल्पातून ही एकच फाइल उचलून आणली, तर तुमचं अ‍ॅपमधलं कर्नल फोल्डरात जसंच्या तसं दिसत राहतं. एडिटरमध्ये उघडतं, गिटमध्ये आहे, पण त्यातली एकही ओळ चालत नाही. साइट उघडते, लॉगइन होतं, टेस्ट बहुतेक हिरव्या राहतात. आणि कन्सोल कर्नलमध्ये लिहिलेलं रात्रीचं सगळं वेळापत्रक बंद पडलेलं असतं. क्रॉन (सर्व्हरवर ठरलेल्या वेळी कमांड चालवणारं साधन) दर मिनिटाला इमानेइतबारे हाक मारतो, त्याला उत्तर मिळतं की करण्यासारखं काही नाही.

एचटीटीपी कर्नलचंही तेच. राउटवर वापरलेलं मिडलवेअरचं टोपणनाव हरवलं तर निदान एरर येते. पण ग्लोबल यादीत किंवा वेब गटात तुम्ही जोडलेलं मिडलवेअर, म्हणजे सिक्युरिटी हेडर, ऑडिट लॉग, भाषा निवडणं, हे मुकाट्याने गायब होतं. ट्रस्टप्रॉक्सीजच्या फाइलीत लोड बॅलन्सरचे (विनंत्या सर्व्हरांमध्ये वाटणाऱ्या यंत्रणेचे) पत्ते लिहिले असतील तर तेही गेले. मग एचटीटीपीएसच्या साइटवर एचटीटीपीच्या लिंक बनू लागतात आणि लॉगमध्ये प्रत्येक वापरकर्त्याचा आयपी बॅलन्सरचाच दिसतो. सीएसआरएफच्या (बनावट विनंत्या रोखणाऱ्या) तपासणीतून वगळलेले पत्ते गेले की पेमेंट गेटवेचे कॉलबॅक ४१९ देऊन परत जाऊ लागतात. एपीआयचा थ्रॉटल (विनंत्यांच्या संख्येवरची मर्यादा) पूर्वी कर्नलच्या एपीआय गटात आयता असायचा. नव्या पद्धतीत तो आपण मागावा लागतो, नाही मागितला तर एपीआयला मर्यादाच उरत नाही. हँडलरमध्ये एरर बाहेरच्या देखरेख सेवेला कळवण्याचा कोड असेल तर तोही थांबतो, आणि डॅशबोर्डवर एररची संख्या शून्य पाहून टीमला वाटतं की अपग्रेड फारच छान झालं.

इव्हेंटची गोष्ट उलटी आहे. तिथे कमी नाही, जास्त होतं. नव्या पद्धतीत लिसनर्स फोल्डरातले लिसनर (इव्हेंट घडला की चालणारे क्लास) फ्रेमवर्क आपोआप शोधतं. तुमचा जुना इव्हेंट-प्रोव्हायडर यादीसकट तसाच राहिला, तर तेच लिसनर दोनदा नोंदले जातात आणि ग्राहकाला एकाच ऑर्डरचे दोन मेल जातात. टेस्टमध्ये हे पकडलं जात नाही, कारण बहुतेक टेस्टमध्ये इव्हेंट आणि मेल फेक केलेले असतात.

कॉन्फिगबद्दलही सावध राहा. नव्या प्रकल्पातून कॅशची कॉन्फिग फाइल आणली तर ती कॅश-ड्रायव्हर हा जुना एन्व्ह (सर्व्हरच्या एन्व्ह फाइलीतलं सेटिंग) वाचत नाही, कॅश-स्टोअर वाचते. तो सापडला नाही की डीफॉल्ट 'डेटाबेस' होतो आणि तुमचं रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारं साधन) बाजूला पडतं. ब्रॉडकास्टचंही नाव असंच बदललंय. फाइलसिस्टीमचं आणखी वाईट. लोकल डिस्कचं मूळ स्टोरेजमधल्या अ‍ॅप फोल्डरावरून त्याच्या आतल्या प्रायव्हेट फोल्डरावर गेलंय. फाइली डिस्कवर असतात, पण अ‍ॅपला सापडत नाहीत. १२ मध्ये तर कॉन्फिगमध्ये लोकल डिस्क लिहिलेली नसेल तर हेच डीफॉल्ट लागतं. तेव्हा ही डिस्क तुमच्या फाइलीत स्पष्ट लिहून ठेवा.

आता मॉडेल्स. ही दुसरी जात, आणि इथे लोक फसतात ते "शोधा आणि बदला"वर विश्वास ठेवून. कोडमध्ये अ‍ॅप\यूजर चं अ‍ॅप\मॉडेल्स\यूजर केलं, ऑथच्या कॉन्फिगमध्ये केलं, टेस्ट पास झाल्या. पण क्लासचं नाव डेटाबेसमध्येही लिहिलेलं असतं. पॉलिमॉर्फिक (एकच टेबल अनेक मॉडेलांशी जोडणाऱ्या) नात्यांच्या टाइप कॉलममध्ये, नोटिफिकेशनच्या टेबलात, सँक्टमच्या (लारावेलचं एपीआय-लॉगइनचं पॅकेज) टोकन टेबलात, परवानग्यांचं पॅकेज वापरत असाल तर त्याच्या टेबलातही. टेस्टचा डेटाबेस दर वेळी नव्याने बनतो, त्यामुळे तिथे जुनी नावं नसतातच. प्रॉडक्शनमध्ये मात्र सगळ्या जुन्या ओळींत तीच असतात.

यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे जुन्या नावाचं क्लास-एलियस ठेवणं. तेवढ्याने भागत नाही. एलियसमुळे, उदाहरणार्थ, टिप्पणीवरून तिच्या मालकापर्यंत जाता येतं, पण मालकाच्या टिप्पण्या मागितल्या तर क्वेरी नवं नाव शोधते आणि जुन्या ओळी वगळते. एरर नाही, नुसती रिकामी यादी. त्यामुळे मी नेहमी मॉर्फमॅप (टाइप कॉलममधलं कुठलं नाव कुठल्या क्लासचं याची यादी) सुचवतो. आणि त्यातही पहिल्या टप्प्यात मॅपची किल्ली म्हणून जुनंच पूर्ण नाव ठेवा, किंमत म्हणून नवा क्लास द्या. मग डेटाबेसमधली एकही ओळ न बदलता जुन्या-नव्या दोन्ही नोंदी एकाच नावाने राहतात. पुढे सवडीने 'यूजर', 'ऑर्डर' अशी छोटी नावं करून घ्या, तेव्हा ओळी बदलणारं मायग्रेशन लिहा आणि एन्फोर्स-मॉर्फमॅप लावा, म्हणजे नोंद नसलेलं मॉडेल वापरलं की लगेच एक्सेप्शन येईल.

क्यू (मागे चालणाऱ्या कामांची रांग) विसरू नका. रांगेत पडलेल्या जॉबमध्ये मॉडेलच्या क्लासचं नाव आणि आयडी साठवलेला असतो. डिप्लॉय करण्याआधी रांग रिकामी होऊ द्या, फेल झालेल्या जॉबचा निकाल लावा, नंतर वर्कर रीस्टार्ट करा. एलियसचा खरा उपयोग इथे आहे, काही दिवसांपुरता.

आणखी दोन लहान गोष्टी. विंडोज किंवा मॅकवर काम करणाऱ्यांकडे फोल्डरच्या नावातलं लहान-मोठं अक्षर चुकलं तरी चालून जातं, लिनक्स सर्व्हरवर क्लास सापडत नाही. फक्त अक्षराचा आकार बदलायचा असेल तर गिटमध्ये आधी तिसऱ्याच नावाला हलवा, मग हव्या त्या नावाला. आणि बूटस्ट्रॅपमधल्या कॅश फोल्डरात जुन्या प्रोव्हायडरची नावं गोठलेली असू शकतात. अशा वेळी आर्टिसनच (लारावेलचं कमांड चालवणारं साधन) सुरू होत नाही, म्हणून कॅश साफ करणारी कमांडही चालत नाही. त्या फाइली हाताने काढाव्या लागतात.

तरीही कधीतरी नव्या रचनेवर जायचंच असेल तर ते स्वतंत्र ब्रँचवर करा, आवृत्ती प्रॉडक्शनमध्ये काही काळ स्थिर चालल्यानंतर. सुरुवात करण्याआधी तीन याद्या फाइलीत साठवा: राउट:लिस्ट, तीही मिडलवेअर दिसेल अशा सविस्तर रूपात, शेड्यूल:लिस्ट आणि इव्हेंट:लिस्ट. बदल झाला की पुन्हा काढा आणि डिफ करा, म्हणजे दोन्हींतला फरक पाहा. वर सांगितलेल्यातल्या बऱ्याच गोष्टी या डिफमध्ये उघड्या पडतात, नुसत्या टेस्टने पडत नाहीत. ग्लोबल मिडलवेअर मात्र या यादीत येत नाही. ते जुन्या कर्नलमधून एकेक ओळ वाचूनच नव्या फाइलीत आणा. फाइली हलवण्याचा कमिट आणि आतला मजकूर बदलण्याचा कमिट वेगळे ठेवा, म्हणजे गिट ते नामांतर म्हणून ओळखतं आणि जुना इतिहास तुटत नाही. आणि जुना कर्नल रिकामा झाला की त्याच दिवशी डिलीट करा. मेलेली फाइल ठेवली तर पुढचा माणूस तिच्यातच मिडलवेअर जोडेल आणि ते का चालत नाही म्हणून दिवस घालवेल.

विषयवार फोल्डरांबद्दल. कल्पना चांगली आहे, मोठ्या प्रकल्पात मला ती आवडते, पण असलेला कोड एकदम हलवू नका. पुढचा जो नवा विभाग लिहाल, समजा बिलिंग, तो वेगळ्या फोल्डरात सुरू करा आणि काय अडतं ते पाहा. फ्रेमवर्कचे बरेच अंदाज ठरलेल्या जागांवर अवलंबून आहेत. बिलिंगच्या आतल्या मॉडेलची फॅक्टरी (टेस्टसाठी नमुना नोंदी बनवणारा क्लास) फ्रेमवर्क वेगळ्याच नावाने शोधेल, तिथे मॉडेलमध्ये न्यू-फॅक्टरी मेथड लिहावी लागेल. पॉलिसी (परवानगीचे नियम असलेला क्लास) मॉडेलच्या फोल्डरात किंवा त्याच्या वरच्या पातळीवरच्या पॉलिसीज फोल्डरात शोधली जाते. सापडली नाही तर एरर न देता परवानगी नाकारली जाते, आणि ४०३ पाहून माणूस भलतीकडेच शोधत बसतो. लिसनर आणि कमांड ठरलेल्या फोल्डरांबाहेर असतील तर त्यांचे मार्ग बूटस्ट्रॅपच्या फाइलीत किंवा प्रोव्हायडरमध्ये सांगावे लागतात. मेक कमांड मात्र फाइल जुन्याच जागी बनवत राहतील. टीममधल्या सगळ्यांना हे पाळणं जमतंय असं एका विभागात दिसलं, तरच दुसरा हलवा.

एक अपवाद सांगतो. कर्नल, हँडलर आणि ते नऊ मिडलवेअर तुम्ही कधी उघडलेच नसतील, म्हणजे १० च्या कोऱ्या प्रकल्पाशी डिफ केल्यावर फरक शून्य निघत असेल, तर नव्या रचनेवर जाणं अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि खुशाल करा. तुमच्या प्रश्नात शेड्यूलर आणि पेमेंट कॉलबॅकचा उल्लेख आहे, त्यामुळे तुमचा फरक शून्य निघेल असं वाटत नाही. आधी तो डिफ काढून पाहा आणि त्यात काय निघालं ते इथेच लिहा, पुढचा क्रम त्यावरून ठरवू.