'द रिव्हर-मर्चंट्स वाइफ' : प्रेमकविता की आज्ञाधारक बायकोचं पत्र?

तुम्ही विचारलंय, अमेरिकन कवी एझ्रा पाउंडच्या या कवितेत 'प्रेम' हा शब्दही नाही, मग ही प्रेमकविता कशी? शिवाय हे एका चिनी कवितेचं भाषांतर, तेही चिनी न येणाऱ्या माणसाचं, ते खरं मानायचं का?

प्रेमकविताच आहे. नदीवाटे दूर गेलेल्या व्यापारी नवऱ्याला बायकोने लिहिलेलं हे पत्र. ती त्याला 'माय लॉर्ड' म्हणते, एवढ्यावरून तिला गुलाम ठरवणारे पुढे वाचतच नाहीत.

एम.ए.ला आमचे सर हेच सांगायचे. चौदाव्या वर्षी लग्न, मान खाली, नवऱ्याची वाट, यात प्रेम कसलं? तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. लग्नानंतर सुचलं. नवरा बोटीवर असतो. त्या वर्षी जूनमध्ये निघाला, सात महिन्यांसाठी. रिक्षा दारात, आणि हा पाण्याची बाटली राहिली म्हणून परत घरात आला. बाटली त्याच्या पिशवीतच होती, मला दिसत होती. मी बोलले नाही. श्रावणात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ चढलं. आदल्या वर्षी ते त्यानेच घासून काढलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "अगो, कोणीतरी घसरेल." मी खराटा घेऊन बसले आणि दुसऱ्याच पायरीवर हात थांबला. सासूबाईंनी काही न विचारता खराटा माझ्या हातातून घेतला.

कवितेत नेमकं हेच आहे. नवरा निघताना पाय ओढत गेला, हे तिने पाहून ठेवलंय. फाटकापाशी आता काढता येणार नाही इतकं शेवाळ आहे. मूळ चिनीत आठव्या शतकातला कवी ली पो तर म्हणतो, त्याच्या एकेका पाऊलखुणेवर शेवाळ उगवलंय. नुसती आज्ञा पाळणारी बाई हे बघेल? आणि शेवटी ती म्हणते, आधी कळव, मी चो-फू-सापर्यंत सामोरी येते. तिचं गाव नानजिंगचं. ते ठिकाण नदीच्या वरच्या अंगाला, पार आन्हुइ प्रांतात.

भाषांतरात चुका आहेत. पाउंडपुढे अर्नेस्ट फेनोलोसा या अमेरिकन अभ्यासकाची टिपणं होती, जपानी शिक्षकांकडे शिकताना केलेली. म्हणून ही कविता असलेल्या १९१५ च्या 'कॅथे' या पाउंडच्या संग्रहात ली पोचं नाव 'रिहाकु' असं जपानी छापलंय. मुळात पाचव्या महिन्यात नदीतल्या खडकाजवळ जाऊ नये असा इशारा आहे, पाउंडने 'तुला जाऊन पाच महिने झाले' केलं. सरांचा सगळा भर या चुकीवर. मी मात्र तेव्हा कालनिर्णयवर महिनेच खोडत होते, मला ती ओळ खरीच वाटते.

चौदाव्या वर्षीचं लग्न वाईटच, त्यात दुमत नाही. पण जोडीने उडणाऱ्या फुलपाखरांची ओळ सरांनी वर्गात कधी वाचलीच नाही. ती त्यांच्याकडे बघून एवढंच म्हणते, की ती मला दुखावतात. तुम्ही तिथून वाचायला लागा.