बादली जिथवर जाते तिथवर

अगं, परवा संध्याकाळी तू ओट्यावर बसून मोबाईलमधले फोटो दाखवत होतीस आणि मी नुसतं हं हं करत होतो, ते तुला खटकलं असणार. समोरासमोर मला धड बोलता येत नाही, तुझी काकू म्हणते की हे एक तर भांडतात नाही तर जुन्या गोष्टी काढतात. म्हणून लिहितोय. दोन्ही होणारच आहे, वाचून घे.

तुझा पेच मला कळला. गल्लीत 23 रोपं लावली, 17 जगली, ग्रुपवर 86 माणसं आणि पाणी घालायला चौघं. त्यात ती कंपनी म्हणते बायपासच्या पलीकडे जागा देतो, 2000 रोपं देतो, टी-शर्ट देतो, टँकर देतो, तुमची टीम फक्त उभी करा. आणि तू म्हणालीस, 'काका, 17 झाडांनी इंदूरचं काय होणार आहे?'

नाही म्हणून कळव त्यांना. आजच.

कारण सांगतो. भरलेली बादली हातात घेऊन, मधे कुठे न टेकवता, तू जिथवर जाऊ शकतेस तेवढीच तुझी हद्द. आमच्या नळापासून कोपऱ्यावरच्या कडुनिंबापर्यंत 140 पावलं आहेत, मी मोजलीत, आणि शंभराव्या पावलाला कडी बोटांत रुतायला लागते. त्या कडुनिंबापासून पुढचं झाड माझं नाही. ते ज्याच्या नळाजवळ आहे त्याचं. हा नियम तुला हास्यास्पद वाटेल, तुझ्या वयात मलाही वाटला असता, पण मी तो फुकट शिकलेलो नाही.

1994 साली आम्ही शहराच्या कडेला, देवगुराडियाच्या बाजूला एका टेकाडावर 400 रोपं लावली होती. जुलै महिना, पाऊस असा मस्त की खड्डा करायच्या आधीच माती मऊ, शाळेची पोरं, पोहे-जलेबी, पेपरात फोटो. फोटोत मी मधोमध आहे. कातरण अजून आहे कपाटात, कुणाला दाखवत नाही. दिवाळीनंतर टँकर तीनदा आला, चौथ्यांदा ड्रायव्हर पैसे मागायला लागला, कुणी म्हणालं वर्गणी काढू, कुणी म्हणालं भिया हो जायेगा. (आपल्या गावात हो जायेगा म्हणणारा माणूस बादली उचलताना मी आजवर पाहिलेला नाही.) माझा एक मित्र होता, तो लुनाला दोन्ही बाजूंनी कॅन बांधून एकटा जायचा. मार्चपर्यंत मीही जात होतो. मग मुलीची दहावी आली, ऑफिसात माझी शिफ्ट बदलली, स्कूटर दुरुस्तीला पडली... ही सगळी कारणं खरी आहेत बरं का, एकही खोटं नाही. तो जूनपर्यंत गेला. 11 रोपं उरली होती. मला तो शब्दानेही काही बोलला नाही, आणि आता तो नाही, त्यामुळे बोलणारही नाही. मी पळालो असं लोक म्हणाले. मी पळालो नव्हतो, ते टेकाड माझ्या बादलीच्या बाहेर होतं एवढंच, आणि हे मला जुलैमधेच कळायला हवं होतं.

कधीकधी वाटतं हा नियम मी स्वतःला सोडवून घेण्यासाठीच काढला. असेल. तरी बरोबर आहे.

आता तू म्हणशील इंदूर मोठं करूनच दाखवतं. मान्य. 14 जुलै 2024 ला रेवती रेंजवर एका दिवसात 12 लाखांवर रोपं लागली, गिनीजमधे नाव गेलं, मला काही वाकडं बोलायचं नाही, ज्यांच्याकडे तेवढे हात, तेवढे पाईप आणि तेवढे टँकर आहेत त्यांनी करावं. तुझ्याकडे काय आहे? चार माणसं आणि एक दिवसाआड येणारा नळ. आणि त्या नळातलं पाणी तरी कुठलं, तर 70 किलोमीटरवरच्या जलूदहून, नर्मदेतून उपसून, घाट चढवून आणलेलं. पहिल्यांदा आलं 1978 साली, ते मी पाहिलंय. ते पाणी दुपारी दोन वाजता पाईपने झाडाच्या पानांवर फवारताना कुणी दिसलं की माझं डोकं फिरतं, तू तसं करतेस असं नाही, पण त्या चौघांतला एक करतो, नाव घेत नाही.

पाणी घालायची पण रीत असते. मेमधे आपल्या काळ्या मातीला अशा भेगा पडतात की बोटं आत जातात, वरून ओतलेलं पाणी भेगेतून सरळ खाली, मुळाला ठेंगा. म्हणून मटका पुर. साधा, आतून-बाहेरून कुठलाही रंग नसलेला मातीचा मटका, रोपापासून हातभर लांब, गळ्यापर्यंत जमिनीत, तोंडावर फरशीचा तुकडा नाही तर डास होतात. भरून ठेवला की तो आपल्या मनाने झिरपत राहतो आणि मुळं हळूहळू त्याच्याकडे वळतात. पहिला मटका मी तीन वर्षांनी उकरून काढला तेव्हा त्याच्या पोटाला बारीक मुळांची जाळी अशी चिकटली होती की सुटेना, तसाच परत पुरला. काकूने बघितलं आणि म्हणाली, पोर आईला धरून बसलंय. त्या दिवसापासून तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी ती मोरीत टाकत नाही.

आणि पानं झाडू नका गं. मला कचरागाडीचा अभिमान आहे, 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिला नंबर आपला, ओला कचरा देवगुराडियाला जातो, त्याचा गॅस होतो, त्यावर बस चालते, उत्तम. पण झाडाखालचा पाला उचलून गाडीत द्यायचा आणि मग नर्सरीतून खताची पिशवी विकत आणायची, हे कुठलं शहाणपण? कंपोस्टची 'इंदूर पद्धत' परदेशातल्या पुस्तकांत आहे आणि इंदुरातल्या पोरांना माहीत नाही! अल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज 1924 ते 1931 इथे होता, हल्लीच्या कृषी महाविद्यालयाच्या जागेवर, त्याने काय केलं तर शेतातलाच काडीकचरा, गोठ्यातलं शेण, गोमूत्राने भिजलेली माती, चुलीतली राख, थरावर थर, मधे मधे उलटवायचं, तीनेक महिन्यांत खत. बाहेरून काही आणायचं नाही. सगळं बादलीच्या अंतरातलं, बघ.

गेडिसची गोष्ट तुला सांगितली होती का? सांगितली असेल तर हा भाग सोड. 1917, प्लेग चालू, होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावलं होतं. त्याने दिवाळीची मिरवणूक काढायचं ठरवलं आणि जाहीर केलं की ती नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही, जी गल्ली सगळ्यात स्वच्छ तिथून जाईल. झालं, जो तो आपलं दार सारवायला लागला, घरं दुरुस्त, कचरा गाड्या भरभरून बाहेर. मिरवणुकीत तुळशीची रोपं वाटली. म्हणजे शहर साफ करायला त्याने शहराला हात लावलाच नाही, ज्याच्या त्याच्या दाराला लावला.

तुला काम वाढवायचंच असेल तर वाढव की, मी कुठे अडवतोय. पण पाईप लांब करून नाही, दुसरी बादली शोधून. मागच्या गल्लीत त्या शिवणकाम करणाऱ्या ताई आहेत, त्यांच्या दारात करंज अर्धा वाळलाय, त्यांच्याशी बोल. त्यांनी स्वतः बादली उचलली तरच ते झाड वहीत लिही, नाही तर लिहू नकोस. ग्रुपवरच्या 86 जणांना विचारू नकोस, ते अंगठा दाखवतील. दार वाजव. मला माहीत आहे तुला लाज वाटते. मलाही वाटायची, म्हणून तर आम्ही टेकाडावर गेलो, तिथे कुणाचं दार नव्हतं.

ती सहा मेली त्यांचं मनाला लावून घेऊ नकोस. दोन गायीने खाल्ली, एक कारवाल्याने चिरडलं, आणि तीन तू परीक्षेत होतीस म्हणून, त्यांना मी पाणी घालू शकलो असतो. 140 पावलांच्या आतच होती. गुडघ्याचं कारण सांगितलं होतं मी तुला.

रविवारी सहाच्या आत ये, नळ साडेसहाला जातो. कुंभाराकडून दोन मटके आणून ठेवलेत. एकाला बारीक तडा आहे, तो भराभर झिरपेल, तो त्या करंजाला देऊ. ताईंना आधी विचारून ये मात्र.