बुटांशी येणारा चेंडू

प्रिय मित्रा,

टेनिसमधली सर्व्ह-अँड-व्हॉली, म्हणजे सर्व्ह करून लगेच नेटकडे धावायचं आणि परत आलेला चेंडू टप्पा पडायच्या आधीच मारायचा (हीच व्हॉली), ही पद्धत आता शिकण्यात अर्थ आहे का, असं तू विचारलंस. उत्तराआधी एक काम कर. विम्बल्डनच्या अंतिम सामन्याचे दोन फोटो शोध, एक 1990 च्या दशकातला आणि एक अलीकडचा. जुन्या फोटोत बेसलाइनपासून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेपासून, नेटकडे जाणारा गवताचा पट्टा झिजून तपकिरी झालेला दिसेल. नव्यात फक्त बेसलाइनजवळची माती उघडी पडलेली असते, पुढचं गवत हिरवंगार.

बहुतेक जण याचं खापर गवतावर फोडतात. विम्बल्डनला पूर्वी 70 टक्के रायग्रास आणि 30 टक्के फेस्क्यू अशा दोन जातींचं गवत असायचं. कोर्ट जास्त टिकावं म्हणून 2001 मध्ये ते पूर्ण रायग्रास केलं. चेंडू अधिक उंच आणि एकसारखा उसळू लागला. पुढच्याच वर्षी ह्युइट आणि नालबंदियान या दोन बेसलाइनवाल्यांत, म्हणजे मागे राहून खेळणाऱ्यांत, अंतिम सामना झाला. इनडोअरची वेगवान कार्पेट कोर्टंही 2009 पासून एटीपीच्या, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक, स्पर्धांतून गेली. हे सगळं खरं असलं तरी माझ्या मते मोठं कारण गटिंग, म्हणजे रॅकेटच्या तारा, आहे. 1997 मध्ये ब्राझीलच्या कुएर्तेनने पॉलिएस्टर गटिंगवर फ्रेंच ओपन जिंकली आणि बघता बघता ते सगळ्यांच्या रॅकेटमध्ये आलं. फटका बसताना पॉलिएस्टरची उभी तार बाजूला सरकते आणि झटकन जागेवर येते, आणि येता येता चेंडूला जास्तीची फिरकी देते. त्यामुळे जीव खाऊन मारलेला रिटर्नसुद्धा नेट ओलांडला की खाली बुडी मारतो. पूर्वी छातीशी मिळणारा चेंडू आता बुटांशी येतो. नेट मध्यभागी 91.4 सेंटिमीटर उंच असतं. त्याच्या खालून घेतलेली व्हॉली वर उचलावीच लागते, आणि चेंडू जरा तरंगला की समोरचा पासिंग शॉट, म्हणजे तुझ्या बाजूने निघून जाणारा फटका, मारून मोकळा होतो.

म्हणून सुरुवात सर्व्हपासून नको, खालच्या व्हॉलीपासून कर. सर्व्हिस लाइनवर, म्हणजे नेट आणि बेसलाइनच्या मधल्या रेषेवर, उभा राहा आणि जोडीदाराला बेसलाइनवरून टॉपस्पिन (पुढे फिरणारा चेंडू) मारून चेंडू तुझ्या पायाशी टाकायला सांग. रोज फोरहँडला 30, बॅकहँडला 30. ग्रिप काँटिनेंटल, म्हणजे हातोडी धरावी तशी, दोन्ही बाजूंना तीच. मध्ये बदलायला वेळ मिळत नाही. कमरेतून वाकू नको, गुडघे वाकव, मागचा गुडघा जमिनीला टेकेल की काय इतका. रॅकेट मागे न्यायची नाही, चेंडू शरीराच्या पुढे घ्यायचा, रॅकेटचा फेस किंचित उघडा, म्हणजे वरच्या बाजूला कललेला, ठेवायचा. खालची व्हॉली सरळ समोर, खोलवर ठेव. तिथून क्रॉस, म्हणजे तिरकी, मारायचा मोह झाला तर अर्धं कोर्ट उघडं पडतं आणि ते झाकायला तू पोहोचत नाहीस.

मग सर्व्ह. टॉस बेसलाइनच्या आत साधारण फूटभर पुढे हवा, म्हणजे उजव्या हाताने खेळताना डावा पाय आपोआप कोर्टात पडतो. त्यानंतर तीन पावलं आणि स्प्लिट स्टेप, म्हणजे छोटी उडी घेऊन दोन्ही पायांवर थांबणं. बेसलाइन ते सर्व्हिस लाइन अंतर 5.48 मीटर आहे. पहिली व्हॉली सर्व्हिस लाइनच्या आसपासच येणार, नेटवर नाही. नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. नेट गाठायच्या घाईत ते पळत पळत व्हॉली मारतात, तोल पुढे जातो आणि चेंडू नेटमध्ये. समोरच्याची रॅकेट पुढे यायला लागली की तू कुठेही असशील, तिथेच दोन्ही पाय टेकव. दोन मीटर मागे राहिलास तरी चालेल. नेटजवळ जायचं ते पहिल्या व्हॉलीनंतर.

सर्व्ह जितकी वेगवान तितकी चांगली, हेही मनातून काढ. वेगवान सर्व्हचा रिटर्न लवकर परत येतो आणि तुझी पावलं अपुरी पडतात. जुना सर्व्ह-अँड-व्हॉली खेळाडू एडबर्ग, त्याची किक सर्व्ह (जास्त फिरकीची, उंच उसळणारी) बघ. चेंडू हवेत जास्त वेळ राहतो, खांद्याशी उसळतो, आणि तेवढ्यात हा सर्व्हिस लाइनशी पोहोचलेला असतो. जागा म्हणशील तर टी (मधली रेषा सर्व्हिस लाइनला मिळते तिथे) किंवा अंगावर. वाइड, म्हणजे बाहेरच्या कडेला टाकलेल्या, सर्व्हवर समोरच्याला मोठा कोन मिळतो, म्हणून ती कमी वापर.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. प्रत्येक पॉइंटला पुढे येण्याचे दिवस गेले, हे मान्य कर. पण मेदवेदेवसारखे रिटर्नर (सर्व्ह परतवणारे) बेसलाइनच्या कितीतरी मागे उभे राहतात. त्यांचा रिटर्न तुझ्यापर्यंत यायला वेळ लागतो आणि कोर्टाचा पुढचा भाग रिकामा असतो. अल्काराझ अशा वेळी मुद्दाम पुढे येतो. तूही समोरचा कुठे उभा आहे ते बघून ठरव, आणि ठरवायचं ते टॉसच्या आधी. टॉस वर गेल्यावर विचार बदलला की सर्व्हही बिघडते आणि पाऊलही.

सुरुवातीला हरशील, आणि ज्युनियर वयात ते फार लागतं. तेराव्या-चौदाव्या वर्षी मागे राहून चेंडू परतवणाराच जास्त सामने जिंकतो, म्हणूनच कोच हा खेळ शिकवायला धजावत नाहीत. सॅम्प्रसने चौदाव्या वर्षी कोचच्या सांगण्यावरून दोन हातांचा बॅकहँड सोडून एका हाताचा घेतला आणि बरेच सामने गमावले. 1990 ची यूएस ओपन त्याने जिंकली तेव्हा तो 19 वर्षांचा होता. तुला बॅकहँड बदलायची गरज नाही, फक्त व्हॉली आणि स्लाइस (चेंडूला खालून काप देणारा फटका) एका हाताने पक्के कर.

पुढचा महिनाभर प्रत्येक सर्व्हिस गेममध्ये एकदाच पुढे ये, शक्यतो 30-0 किंवा 40-15 वर. सामना झाला की वहीत लिही: सर्व्ह कुठे टाकली आणि पहिली व्हॉली नेटच्या वर मिळाली की खाली. निम्म्याहून जास्त खाली असतील तर व्हॉलीला दोष देऊ नको, सर्व्हची जागा बदल. महिना संपला की ती वही मला पाठव.

अनेक आशीर्वाद.