घरच्या बॅटरीतली वीज घाऊक बाजारात विकता येते का?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. छतावर ८ किलोवॅटचं सोलर आहे, नेट मीटरिंग (जादा वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वजा होणं) चालू आहे आणि आता बॅटरी घ्यायचा विचार आहे. सेल्समन म्हणतो, आदेश नंबर २२२२ आलाय, आता थेट घाऊक बाजारात वीज विका. खरं का हे? आणि पुण्यात माझ्या भावाला असं करता येईल का?
– एक वाचक

उत्तर: आदेश खरा आहे, पण "थेट" वगैरे काही नाही.

अमेरिकेच्या केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाने (फर्क) सप्टेंबर २०२० मध्ये हा आदेश काढला. छतावरचं सोलर, बॅटरी, ईव्ही चार्जर, कमीजास्त करता येणारा एसी असं सगळं एकत्र बांधून अ‍ॅग्रिगेटर कंपनी बाजारात उतरू शकते, आणि बाजार चालवणाऱ्यांना अशा गटासाठी १०० किलोवॅटपेक्षा जास्तीची किमान अट घालता येत नाही. म्हणजे तुमच्यासारखी बारा-तेरा घरं झाली की गट तयार, पण विकणार अ‍ॅग्रिगेटर, तुम्ही नाही, आणि तुम्हाला मिळणार ते त्याचा वाटा काढून उरेल ते.

आता मुख्य मुद्दा नेट मीटरिंगचा. एकाच कामाचे दोनदा पैसे मिळू नयेत अशी तरतूद या आदेशातच आहे. सोलरच्या जादा युनिटला तुम्हाला आत्ता घरगुती दराने क्रेडिट मिळतं आणि घाऊक दर त्याच्यापेक्षा बराच कमी असतो, त्यामुळे कुणी कितीही गळ घातली तरी त्यासाठी नेट मीटरिंग सोडू नका.

बॅटरीचं गणित वेगळं. तुमच्या भागातला घाऊक वीजबाजार पीजेएम ही संस्था चालवते, तिच्या बाजारात गरजेच्या वेळी वीज द्यायला तयार राहण्याचे, म्हणजे कपॅसिटीचे, वेगळे पैसे मिळतात आणि तो दर २०२४-२५ ला मेगावॅटमागे दिवसाला २८.९२ डॉलर होता तो २०२५-२६ साठी एकदम २६९.९२ झाला. सेल्समन लोकांचा उत्साह यातूनच आलेला असणार. ५ किलोवॅटच्या बॅटरीला या दराने कागदावर वर्षाला साधारण ४९० डॉलर होतात, पण बॅटरी काही तासांत संपते म्हणून तिची पूर्ण क्षमता धरत नाहीत, त्यात अ‍ॅग्रिगेटरचा वाटा, म्हणजे हातात येणार बरंच कमी. शिवाय पीजेएमने आदेशाची पूर्ण अंमलबजावणी २०२८ वर नेली आहे. शेजारी न्यूयॉर्कच्या बाजाराने २०२४ मध्ये सुरुवात केली, पण तिथे गटातलं प्रत्येक युनिट किमान १० किलोवॅटचं लागतं, तुमचं ८ चं सोलर तिथे बसलंच नसतं. लहान ग्राहकांसाठी म्हणून काढलेल्या आदेशात लहान घरंच बाहेर राहणार असतील तर ते मला अजिबात पटत नाही.

एवढा उशीर का, तर घाऊक बाजार केंद्राचा आणि तुमच्या गल्लीतल्या तारा, मीटर, घरगुती दर राज्याच्या अखत्यारीत. फर्कची बाजू २०१६ ला सुप्रीम कोर्टात (मागणी कमी करण्याच्या मोबदल्याबाबत) आणि २०२० ला वॉशिंग्टनच्या अपील कोर्टात (बॅटरीबाबत) टिकली, तरी गटातल्या प्रत्येक यंत्रणेची तपासणी स्थानिक वीज कंपनीच करते आणि त्यासाठी तिला ६० दिवसांपर्यंत मुदत आहे. माझ्या मते खरी अडचण इथे आहे, कोर्टात नाही.

पुण्याचं थोडक्यात: आपल्याकडे असा नियम अजून नाही. २०२२ च्या ग्रीन ओपन ॲक्सेस (स्थानिक वीज कंपनीऐवजी दुसऱ्याकडून हरित वीज घेण्याच्या) नियमांनी किमान वीजभाराची मर्यादा १ मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली, पण ती मोठ्या ग्राहकाला हरित वीज विकत घेता यावी म्हणून. भावाने नेट मीटरिंग घ्यावं आणि पीएम सूर्यघर योजनेतली सबसिडी (३ किलोवॅट किंवा त्याहून जास्तीला ७८,००० रुपये) सोडू नये.

तुम्ही बॅटरी घ्यायची तर वीज गेल्यावर उपयोगी पडते म्हणून घ्या, आणि सही करण्याआधी सेल्समनकडून तीन गोष्टी लेखी घ्या: अ‍ॅग्रिगेटरचा वाटा किती, वर्षातून किती वेळा ते बॅटरी रिकामी करणार, आणि वादळाचा इशारा असताना ती तुमच्यासाठी भरलेली ठेवणार का.